‘आता कशासाठी?’ हे कोणापाशी बोलावे?

वाचकहो, दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेले माणूस गेले की समाचाराला येणारी मंडळी एक वाक्य हमखास बोलतात : ‘तेही सुटले आणि तुम्हीही सुटलात.’ बोलणाऱ्याच्या मनात करुणाच असते. ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र दोन प्रश्न पडतात. सुटलो ते कशापासून, हा पहिला. आणि सुटून आता जायचे कोठे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शेजारीपाजारीही देतील. दुसरा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. पण तो सोडवताना सोबतीला एखादे जाणते माणूस असू शकते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. त्या सोबतीविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी टपाल कार्यालयात बचत खात्याच्या खिडकीवर काम करीत असे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले आणि पुढची आठ वर्षे त्यांची शुश्रूषा केली. त्या काळातल्या दोनशे पानी अकरा वह्या माझ्यापाशी आहेत. रक्तदाब, साखर, औषधांच्या वेळा, नाकातल्या नळीवाटे दिलेले अन्न, दर दोन तासांनी बदललेली कूस, असे सारे त्यांत नोंदलेले आहे. ते गेले, दिवसकार्य झाले, मुलगा-सून पुण्याला परतली आणि घरात एकाएकी वेळच वेळ झाला. रात्री दोन वाजता मला आपोआप जाग येई. हात पुढे होत आणि रित्या पलंगावर थांबत.

मंडळींनी आपुलकीने उपाय सुचवले. कोणी काशीयात्रा सुचवली, कोणी भजनी मंडळ, कोणी हास्यक्लब. मी बहुतेक सारे केले आणि त्याने बरेही वाटले. तरी संध्याकाळी दिवा लावताना एक प्रश्न समोर येऊन बसे : आता कशासाठी? मला मरायचे नव्हते. उद्याचा दिवस कशासाठी उगवतो, एवढेच कळत नव्हते. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो ओळखणे हीच पहिली पायरी होय.

आधी देहाची आणि मनाची तपासणी

आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांनी माझे म्हणणे ऐकून प्रथम रक्ततपासणी करवली. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व, या साऱ्यांची. उतारवयात यांपैकी एकाची कमतरता वा बिघाडही माणसाला थकवतो, उदास करतो, विसराळू बनवतो. काही औषधांचाही असा परिणाम होतो. म्हणून प्रश्न कितीही तात्त्विक वाटला, तरी आधी देहाकडे पाहावे.

त्यानंतर नैराश्याची चौकशी. दोन आठवडे वा अधिक काळ दिवसाचा बराच वेळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, सतत अपराधी वा निरुपयोगी वाटणे, हालचाली मंदावणे, ही नैराश्याची लक्षणे होत. ज्येष्ठांमध्ये उदासीपेक्षा अंगदुखी, चिडचिड किंवा विसरभोळेपणा ठळक दिसतो आणि म्हणून आजार नजरेतून निसटतो. नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. त्यावर औषध घ्यावे लागले तर त्यात कमीपणा नाही. आणि आयुष्य संपवण्याचा विचार मनात डोकावत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आजच कोणाला तरी सांगावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. घरच्यांनीही अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये.

माझ्या तपासण्या ठीक निघाल्या. डॉक्टर म्हणाले, ‘काकू, तुम्हाला औषधाची नव्हे, बोलण्याची गरज आहे, पण ते बोलणे जाणत्या माणसाशी व्हायला हवे.’ असे माणूस शोधायचे कोठे आणि ओळखायचे कसे, हे मी तेव्हापासून शिकत गेले.

पाटीवरची अक्षरे वाचायला शिकावे

मनाच्या क्षेत्रात काम करणारी माणसे एकाच प्रकारची नसतात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात. ते निदान करतात आणि औषधे लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. ते मानसिक चाचण्या आणि संवादातून उपचार करतात, त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात. परंतु नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीवरून शिक्षण किती आणि अनुभव कोणता, हे कळत नाही. म्हणून विचारावे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी आपण चार ठिकाणी चौकशी करतोच. मन उघडण्यापूर्वी तेवढी चौकशी करणे मुळीच उद्धटपणाचे नाही.

पत्ता मिळवण्याचे मार्ग साधे आहेत. कुटुंबाचे डॉक्टर, जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आणि वर सांगितलेली टेली-मानस सेवा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथील बाह्यरुग्ण विभागात सामान्य तक्रारी घेऊनही जाता येते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था मराठी कुटुंबांच्या परिचयाची आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइनही मार्गदर्शन करते.

खर्चाचा विचार कोणालाच चुकत नाही. सरकारी रुग्णालयांत शुल्क नाममात्र असते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराप्रमाणेच तरतूद करणे बंधनकारक केले आहे. मात्र रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या सल्ल्याचा खर्च आपल्या पॉलिसीत बसतो का, हे आधी विचारून घ्यावे.

मी पहिल्यांदा ज्या समुपदेशकांकडे गेले, त्यांनी माझे बोलणे दहा मिनिटांत थांबवले आणि दिनक्रमाचा एक छापील तक्ता हाती दिला. सकाळी फिरणे, दुपारी वाचन, संध्याकाळी छंद. तक्ता उत्तम होता. पण वेळापत्रक पाळण्यात मी आठ वर्षे घालवली होती. मला हवे होते ते वेळापत्रकापलीकडचे. दोन भेटींनंतर मी आभार मानून जाणे थांबवले. वाचकहो, एखाद्या समुपदेशकाशी सूर जुळला नाही, तर तो आपला दोष समजू नये, त्यांचाही समजू नये. दुसरे दार ठोठवावे.

दुसऱ्या वेळी मी दूरध्वनीवरच विचारले. आपले शिक्षण कोठे झाले? ज्येष्ठांसोबत काम केले आहे का? भेट किती मिनिटांची, शुल्क किती? मी बोलेन ते गुप्त राहील ना, आणि कोणत्या प्रसंगी राहणार नाही? संभाषण मराठीत होईल ना? दवाखान्याला जिने किती? ज्यांना ऐकू कमी येते त्यांनी खोली शांत आहे का, हेही विचारावे. शेवटी मी म्हणाले, ‘मृत्यू, एकटेपण आणि आयुष्याचा अर्थ या विषयांवर आपण बोलता का?’ पलीकडून क्षणभर थांबून उत्तर आले, ‘हो काकू, बोलते. घाई न करता बोलू.’ आपल्याकडे अस्तित्ववादी मानसोपचाराची स्वतंत्र पाटी क्वचितच दिसते. अनेक पद्धती जाणणाऱ्या समुपदेशकांकडे तो एक भाग म्हणून असतो. तेव्हा पाटीपेक्षा हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

अस्तित्ववादी मानसोपचार म्हणजे काय?

नाव जड आहे, पण आशय आपल्या ओळखीचा आहे. माणूस दुःखी होतो तो केवळ मनात बिघाड झाला म्हणून नव्हे; जगणे या गोष्टीतच काही अटळ प्रश्न आहेत आणि ते कधीतरी प्रत्येकासमोर उभे राहतात, अशी या पद्धतीची धारणा आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी १९८०च्या आपल्या ग्रंथात असे चार प्रश्न मांडले : मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण आणि अर्थहीनता. समुपदेशकाचे काम या प्रश्नांची तयार उत्तरे देणे हे नसते. आपण त्यांच्यापासून तोंड फिरवू नये, यासाठी ते शेजारी बसतात. माझ्या समुपदेशिकेकडे मी सुमारे सात महिने, बहुतेक दर आठवड्याला गेले. ते चार शब्द माझ्या घरात कसे वावरत होते, ते सांगते.

पहिला मृत्यू. यजमानांचा मृत्यू मी जवळून पाहिला होता; स्वतःच्या मृत्यूचा विचार केला नव्हता. एका भेटीत तोंडून निघून गेले, ‘माझी कूस कोण बदलणार?’ घरी असे बोलले की मुलगा म्हणे, ‘आई, भलतेसलते बोलू नकोस.’ समुपदेशिका तसे म्हणाल्या नाहीत. ‘या भीतीत नेमके काय काय आहे, ते एकेक करून पाहू या का?’ असे त्यांनी विचारले. पाहता पाहता भीतीचे दोन भाग झाले. एक, ज्यावर काही करता येते. दुसरा, जो केवळ सोसायचा असतो. पहिल्या भागासाठी मी माझ्या उपचारांविषयीच्या इच्छा कागदावर उतरवल्या आणि मुलाला शेजारी बसवून वाचून दाखवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आहे आणि २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली आहे. दुसरा भाग अजून माझ्याजवळ आहे, पण आता तो रात्री उठवीत नाही.

दुसरे स्वातंत्र्य. हा शब्द आपल्याला आनंदाचा वाटतो. आठ वर्षे माझा प्रत्येक तास कोणा दुसऱ्याच्या गरजेने ठरत होता. आता कोणीच ठरवणारे नव्हते, आणि त्या मोकळेपणाने मी घाबरले होते. दिवाणखान्यात तो फाउलर बेड आणि हवेची गादी तशीच होती. मुलगा म्हणे ‘देऊन टाकू’, नणंदबाई म्हणत ‘वर्षभर राहू द्या’. समुपदेशिकेने एवढेच विचारले, ‘हा निर्णय कोणाचा आहे?’ पुष्कळ वर्षांनी मला कोणी असे विचारले होते. पलंग मी आणखी दोन महिने ठेवला आणि मग एका गरजू कुटुंबाला दिला. पलंगापेक्षा, तो निर्णय माझा होता, हे मोलाचे.

तिसरे एकाकीपण. माणसे भोवती असली की हे जाते, असा समज आहे. पण एकाच्या अंतरंगात दुसऱ्याला पूर्णपणे शिरता येत नाही, हेही एक एकाकीपण असते आणि गर्दीने ते दूर होत नाही. यजमान आठ वर्षे बोलू शकले नाहीत. त्यांना माझ्याविषयी काय वाटत होते, हे मला कधीही कळणार नाही. हे ‘कधीही नाही’ मी त्या खोलीत प्रथमच मोठ्याने उच्चारले. समुपदेशिका काही वेळ गप्प राहिल्या. त्या शांततेत मला सोबत होती.

याच ओघात आणखी एक गोष्ट बोलले, जी शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी असे वाटते. ते गेले तेव्हा दुःखासोबत मला हायसेही वाटले होते. दोन्ही भावना एकाच क्षणी आल्या. समुपदेशिका म्हणाल्या, ‘थकवा आणि प्रेम एकाच घरात राहतात, काकू. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.’ वाचकहो, आपणही अशा वाटेवर असाल, तर हे वाक्य जपून ठेवावे.

चौथा प्रश्न अर्थाचा. येथे व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल यांचे नाव घ्यावेच लागते. १९०५ ते १९९७ हा त्यांचा जीवनकाळ. नाझींच्या छळछावण्यांतून ते वाचले. त्यांचे आईवडील, भाऊ आणि पत्नी वाचले नाहीत. ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ या नावाने जगभर वाचले जाणारे त्यांचे पुस्तक मूळ जर्मनमध्ये १९४६ साली आले. आयुष्याला अर्थ तीन वाटांनी येतो, असे ते सांगत : काही निर्माण केल्याने वा कार्य केल्याने, सौंदर्य आणि प्रेम अनुभवल्याने, आणि टाळता न येणाऱ्या दुःखाला आपण कसे सामोरे जातो त्यातून. त्यांच्याकडे पत्नीवियोगाने खचलेले एक वृद्ध डॉक्टर आले होते. तुम्ही आधी गेला असता तर काय झाले असते, असे फ्रँकल यांनी त्यांना विचारले. तिला फार सोसावे लागले असते, असे ते म्हणाले. म्हणजे ते सोसणे तुम्ही तिच्याऐवजी पत्करले आहे, हे फ्रँकल यांनी दाखवून दिले. दुःख तेवढेच राहिले, पण ते निरर्थक उरले नाही.

माझ्या समुपदेशिकेने मला वहीतले एखादे पान आणून वाचायला सांगितले. मी रक्तदाबाचे आकडे वाचू लागले आणि समासातल्या बारीक अक्षरांपाशी थांबले. ‘रेडिओवर नाट्यगीत लागले. डाव्या हाताने ताल धरला.’ दुसऱ्या पानावर, ‘आज सायलीचा गजरा उशाशी ठेवला. वास घेऊन हसले.’ हे मी लिहिले होते आणि विसरले होते. औषधांच्या हिशेबाच्या वह्यांत आमच्या संसाराची शेवटची आठ वर्षे लिहिलेली होती.

श्रद्धा, शास्त्र आणि मर्यादा

‘यासाठी समुपदेशक कशाला? संतांनी हे सांगितलेच आहे,’ असे आपल्यापैकी काहींना वाटेल. वाटणे रास्त आहे. आपल्या संतांनी मृत्यूकडे पाठ फिरवली नाही आणि माझे हरिपाठाचे वाचन आजही चालू आहे. अस्तित्ववादी मानसोपचार श्रद्धेच्या जागेवर दावा सांगत नाही. श्रद्धाळू माणसासोबत त्याच्या श्रद्धेच्या भाषेतच बोलणे होऊ शकते. यालोम स्वतः ईश्वर मानणारे नाहीत, फ्रँकल श्रद्धावान होते. फरक एवढाच, की ग्रंथ सर्वांशी बोलतो आणि समुपदेशक आपल्या एकट्याचे ऐकतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तीव्र नैराश्य, भ्रम-भास, वारंवार येणारे भीतीचे झटके यांवर आधी मनोविकारतज्ज्ञांचे उपचार हवेत. स्मरणशक्ती घसरत असेल तर आधी स्मृतिभ्रंशाची तपासणी हवी. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतींवर जितके संशोधन झाले आहे, तितके या पद्धतीवर झालेले नाही. तरी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात विल्यम ब्राइटबार्ट यांनी फ्रँकल यांच्या विचारांवर आधारित थोड्या भेटींचा उपक्रम तयार केला आणि प्रगत अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णांना त्याने आधार मिळतो, असे अभ्यासांत दिसले. आणि जाणत्यालाही दुःख चुकत नाही. यालोम यांची पत्नी मॅरिलिन २०१९मध्ये वारली. ६५ वर्षांच्या संसारानंतर, वयाच्या ८८व्या वर्षी, आयुष्यभर इतरांचा शोक ऐकणारे यालोम स्वतः कोलमडले. अखेरच्या महिन्यांत दोघांनी मिळून लिहायला घेतलेले पुस्तक त्यांनी एकट्याने पूर्ण केले; ते २०२१मध्ये प्रसिद्ध झाले.

घरातल्या मंडळींसाठी

ज्या घरात ज्येष्ठ अशा प्रश्नाशी झगडत आहेत, तेथील मुलासुनांना आणि लेकीजावयांना दोन शब्द. ‘तुम्हाला काय कमी आहे?’ असे विचारू नये. कमी काय आहे ते त्यांनाच सापडत नसते. समुपदेशकाकडे जायचे असेल तर वेळ ठरवून द्यावी, रिक्षा करून द्यावी, बाहेर बाकावर बसावे; आणि परतताना ‘आत काय बोललात?’ असे मुळीच विचारू नये. माझी सून पहिल्या चार भेटींना खास पुण्याहून आली आणि परतीच्या वाटेवर फक्त ‘चहा घेऊ या का, आई?’ एवढेच विचारी. त्या चहाने मला पुढच्या भेटीला जाण्याचे बळ दिले. घराबाहेर पडणे शक्य नसेल तर दूरध्वनीवरून वा व्हिडिओ कॉलवरूनही भेट होऊ शकते. तेव्हा खोलीचे दार लावून बाहेर थांबण्याचे पथ्य मात्र पाळावे.

आणि जे आज शुश्रूषा करीत आहेत, त्यांनी माणूस जाईपर्यंत थांबू नये. महिन्यातून एक तास तरी स्वतःसाठी मागून घ्यावा. रुग्णालयात आपल्याला ‘पेशंटसोबत कोण आहे?’ या हाकेने ओळखतात. त्या हाकेला उत्तर देता देता स्वतःचे नाव विसरायला होते. ते नाव अधूनमधून कोणीतरी विचारायला हवे.

आज मी आठवड्यातून दोनदा आमच्या भागातल्या घरी जाते आणि नव्याने अंथरुणाशी बांधल्या गेलेल्या मुलींना, सुनांना, क्वचित नवऱ्यांनाही, चादरीच्या आधाराने रुग्णाची कूस पाठीला इजा न होता कशी बदलावी ते दाखवते. हे मला कोणी सुचवले नाही. वह्या पुन्हा वाचताना सुचले. ‘आता कशासाठी?’ हा प्रश्न अजूनही अधूनमधून येतो. आता मी त्याला बसायला पाट देते.

आपल्याला असा दूरध्वनी करायचा असेल आणि सुरुवात कशी करावी हे कळत नसेल, तर पुढचे वाक्य कागदावर लिहून समोर ठेवावे : ‘माझे वय अमुक आहे, माझ्या तपासण्या झाल्या आहेत आणि मला माझ्या आयुष्याबद्दल बोलायचे आहे.’ एवढे पुरेसे होते. पुढचे विचारणे हे त्यांचे काम आहे.